मनोरुग्णालयात अटेंडंट म्हणून रुजू होतोयस, तर

पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, चारांपैकी कोणत्याही प्रादेशिक मनोरुग्णालयात जा, पहिले काही दिवस फक्त बघ. कोण जेवत नाही, कोण रात्रभर फेऱ्या मारतो, कोण अचानक गप्प झाला. डॉक्टर राउंडपुरते येतात, पेशंटजवळ दिवसभर तूच असतोस. म्हणून नोंद नीट लिही. 'आक्रमक झाला' एवढं पुरत नाही. काय बोलला, काय केलं, त्याआधी काय घडलं, ते लिही.

गोळी दिल्यावर पाणी प्यायला लाव आणि गिळेपर्यंत थांब. गालात धरून ठेवणारे बरेच असतात. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असलेल्याला उलट्या-जुलाब लागले, हात जास्त थरथरू लागले, तर लगेच सिस्टरांना सांग. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) घेणाऱ्याचा ताप किंवा घसादुखी साधी समजू नकोस.

बांधण्याबद्दल मी फार कडक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडाला पूर्ण बंदी आहे. पेशंटला रोखून धरणं हे तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. जुने लोक वेगळं सांगतील, त्यांचं ऐकू नकोस. कुणी चिडला तर एकटा पुढे जाऊ नकोस, दाराकडचा रस्ता मोकळा ठेव, आवाज खाली आण.

आणि पेशंटला 'अहो' म्हण, नावाने हाक मार. ड्यूटीनंतर स्वतःला जड वाटत राहिलं तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर. तो नंबर तुझ्यासाठीही आहे.