नातवाच्या हृदयाला छिद्र आहे, मग नुसते थांबायचे कसे?

प्रश्न : माझा नातू तीन महिन्यांचा आहे. बाळंतपणानंतर सर्व ठीक असल्याचे सांगून आम्हांला घरी सोडले होते. परंतु दीड महिन्याच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना त्याच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला आणि टूडी इकोमध्ये हृदयाच्या खालच्या पडद्याला 3 मिलिमीटरचे छिद्र दिसले. आवाज मोठा आहे असे डॉक्टरच म्हणतात, तरीही औषध न देता तीन महिन्यांनी बोलावले आहे. सुनेने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, असे भावकीत बोलले जाते. आम्ही काय करावे?
— एक आजी, वाई तालुका, जि. सातारा

उत्तर : आजी, आधी आवाजाविषयी. पाटाचे दार थोडेसे फटीएवढे उघडे राहिले, तर पाणी जोराने खळाळते आणि तेच दार पूर्ण उचलले की पाणी पुष्कळ जाऊनही खळाळ कमी होतो. हृदयातही बहुधा असेच घडते, त्यामुळे आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असा हिशेब येथे चालत नाही. तो आवाज जन्मतः ऐकू आला नाही, यात कोणाची हयगय असेलच असेही नाही. नवजात बाळाच्या फुप्फुसांतील रक्तदाब सुरुवातीला जास्त असतो. तो काही आठवड्यांत उतरला की डाव्या कप्प्यातील रक्त छिद्रातून उजवीकडे जोराने जाऊ लागते आणि मग आवाज उमटतो.

खालच्या पडद्याच्या स्नायूमय भागातील लहान छिद्रे बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतात. छिद्र झडपेजवळ असेल तर मात्र अधिक बारकाईने लक्ष ठेवावे लागते. म्हणून इकोच्या अहवालात आकाराइतकीच जागाही महत्त्वाची असते आणि ती आपण डॉक्टरांना अवश्य विचारावी.

थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. दिलेली तारीख, मग ती सुगीत येवो वा गावच्या जत्रेत, चुकवू नये. घरी पाहायचे ते दूध पिण्याकडे. बाळ दोन घोट घेऊन दमते का, पिताना कपाळावर घाम येतो का, श्वास भरभर चालतो का, वजन अडले आहे का आणि छातीत वारंवार कफ होतो का, यांतले काहीही दिसले तर तारखेची वाट पाहू नये. ओठ किंवा जीभ निळसर दिसल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. लसी मात्र थांबवू नयेत. अशा बाळांना न्यूमोनियापासून जपणे अधिकच गरजेचे असते.

मोठे छिद्र वर्षानुवर्षे तसेच राहिले, तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात आणि त्यानंतर छिद्र बुजवण्याची वेळच निघून जाते; म्हणूनच ज्यांना शस्त्रक्रिया सांगितली आहे त्यांनी ‘मूल जरा मोठे होऊ दे’ असे म्हणत ती लांबवू नये. वरच्या पडद्याची काही छिद्रे मांडीतील शिरेतून नेलेल्या छत्रीसारख्या उपकरणानेही बंद करता येतात. खर्चाची चिंता असल्यास 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाविषयी अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाकडे किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

राहिला ग्रहणाचा प्रश्न. हृदयाची घडण गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत, कित्येकदा दिवस राहिल्याचे पुरते उमगायच्या आतच, जवळजवळ पूर्ण होते. विळीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो आणि बहुतेकांत त्याचे एक ठरावीक कारण सापडत नाही. आईचा मधुमेह, गरोदरपणातील रुबेला, गुणसूत्रांतील दोष आणि आपल्याकडे सर्रास होणारी आते-मामे भावंडांची लग्ने यांमुळे धोका वाढतो. सुनेला बोल लावणे आजच थांबवावे, आणि भावकीत हे आपणच सांगितलेत तर ते अधिक ऐकले जाईल. तिला पुढे पुन्हा दिवस राहिले, तर 18 ते 22 आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाची इको तपासणी करून घ्यावी.