पदवी ऑनलाइन, पावती सेंटरची

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातली, पतसंस्थेत नोकरीला आहे. जुलै 2025 च्या सत्रात भुसावळच्या एका सेंटरमधून परराज्यातल्या खासगी विद्यापीठाच्या ऑनलाइन बी.कॉम.ला प्रवेश घेतला. 38 हजार रुपये भरले, पावती सेंटरच्या नावाची आहे. बारावीची मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडेच आहे. आता ओळखपत्रावर ‘दूरस्थ शिक्षण’ असं छापून आलंय. ही पदवी तलाठी भरतीला चालेल का? नाही तर पैसे परत मिळतील का?

उत्तर : ताई, ऑनलाइन पदवी कमी दर्जाची, हे आधी मनातून काढा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या विनियमांनुसार मान्यता असलेली ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित कॉलेजच्या पदवीइतकीच ग्राह्य असते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलींना ही सोय फार मोलाची आहे, म्हणून तिच्या नावावर कुणी पैसे उकळले की मला संताप येतो.

तुमची अडचण ओळखपत्रावर आहे. आयोगाची मान्यता नुसती विद्यापीठाला नसते. कोणता अभ्यासक्रम, कोणत्या पद्धतीने, कोणत्या सत्रापासून, हे तिन्ही जुळावं लागतं. ऑनलाइन अभ्यासक्रमाला देशातून कुठूनही प्रवेश घेता येतो, पण खासगी विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम स्वतःच्या राज्याबाहेर चालवता येत नाही. म्हणजे तुमची नोंद खरोखर दूरस्थमध्ये झाली असेल, तर चोपड्यात बसून मिळवलेली ती पदवी भरतीच्या कागदपत्र पडताळणीत अडकू शकते. खासगी सेंटरना फ्रँचाईझी देऊन प्रवेश करायलाही आयोगाची मनाई आहे.

आजच आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या सत्राची यादी पाहा. तुमचा डीईबी आयडी, म्हणजे याच विभागाकडचा विद्यार्थ्याचा क्रमांक, तोही तपासा. तो विद्यार्थ्याने स्वतःच्या एबीसी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडीवरून काढायचा असतो. तुमचा मोबाइल घेऊन सेंटरवाल्यांनी परस्पर काढला असेल, तर त्यात काय भरलंय ते बघाच. मग विद्यापीठाच्या कुलसचिवांना ईमेल करून लेखी विचारा : माझी नोंदणी कोणत्या पद्धतीत आहे आणि माझ्या नावाने किती शुल्क जमा झालंय? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं बरंच ठरेल.

गुणपत्रिका अडवून ठेवायचा हक्क विद्यापीठालाही नाही, सेंटरला कुठून येणार? स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून सात दिवसांत परत मागा. पैशांचं तितकं सरळ नाही. शिक्षण ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ ठरते का, यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल एका दिशेचे नाहीत. पण मान्यतेबद्दल खोटं सांगून प्रवेश देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असं 2009 मध्ये बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या प्रकरणात याच न्यायालयाने म्हटलंय. तुमची बाजू त्यात बसते. 2019 च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावच्या ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. जाहिरातीचा कागद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याची नोंद, काहीही पुसू नका. जाणूनबुजून फसवल्याचं दिसलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली पोलिसांतही तक्रार देता येईल.

कुलसचिवांचं उत्तर हाती येईपर्यंत दुसऱ्या वर्षाचा एक रुपयाही सेंटरला देऊ नका. नोंदणी ऑनलाइनच निघाली आणि यादीत अभ्यासक्रम असला, तर ओळखपत्र दुरुस्त करून घ्या आणि पुढची फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा. दूरस्थच निघाली, तर आणखी वर्ष घालवू नका. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच राज्याचं आहे, तिथे राज्याबाहेरची ही अडचण येत नाही. प्रवेशाची पुढची तारीख आत्ताच पाहून ठेवा.