चेंडू पळवतो, पण परत देत नाही

या महिन्यातल्या पत्रांत पिल्लाला चेंडू आणायला शिकवण्याबद्दलचे प्रश्न बरेच होते. बहुतेकांची अडचण एकच आहे, म्हणून पहिल्या पत्राचं उत्तर सविस्तर दिलं आहे. बाकीच्यांनीही ते आधी वाचावं.

आमचा लॅब्रेडॉर ब्रुनो पाच महिन्यांचा आहे. चेंडू टाकला की सुसाट सुटतो, तोंडात धरतो आणि मग आमच्याभोवती गोल गोल पळत बसतो. आम्ही जवळ गेलो की तो आणखी लांब. लॅब्रेडॉरला हे उपजतच येतं असं ऐकलं होतं. मग आमचं काय चुकतंय?
— एक वाचक, गंगापूर रोड

लॅब्रेडॉरला उपजत येतं ते धावणं आणि वस्तू अलगद तोंडात धरणं. ती आणून हातात देणं त्यालाही शिकवावंच लागतं. शिकारीत पडलेले पक्षी आणायला ही जात तयार झाली, पण त्या कामावरच्या कुत्र्यांनाही महिनोन् महिने शिकवतात.

ब्रुनोला सध्या चेंडूपेक्षा मोठा खेळ सापडला आहे, तो म्हणजे पकडापकडी. चेंडू तोंडात घेतला की घरातली सगळी माणसं मागे धावतात! तुमचं त्याच्या दिशेनं पडलेलं प्रत्येक पाऊल हे त्याला मिळालेलं बक्षीस आहे. तेव्हा आजपासून त्याच्या मागे कोणीही धावायचं नाही. मुलांनासुद्धा हे नीट समजावून सांगा, कारण दहा वेळा पाळलं आणि अकराव्या वेळी कोणी धावलं, तर तो त्या अकराव्या वेळेची वाट बघत राहतो.

आता शिकवायचं ते शेवटाकडून. आधी देणं, मग आणणं आणि फेकणं सगळ्यांत शेवटी.

घरात, दारं लावून, जमिनीवर बसा. फरशी गुळगुळीत असेल तर सतरंजी अंथरा. उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे १५-२० तुकडे वाटीत घेऊन वाटी पाठीमागे ठेवा. चेंडू त्याच्यापुढे धरा. त्यानं तोंडात धरला की एक-दोन आकडे मोजा आणि एक तुकडा नाकाशी न्या. तोंड उघडेल, चेंडू पडेल. तोंड उघडतं त्याच क्षणी, एकदाच, ‘दे’ म्हणा. तुकडा द्या आणि लगेच चेंडू त्याला परत द्या. सगळ्यात महत्त्वाचं हे परत देणंच. दिलेली वस्तू पुन्हा मिळते हे पटलं की ती घेऊन पळायचं कारणच उरत नाही.

असं आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा, दर वेळी तीन-चार मिनिटं. इथे दोन चुका हमखास होतात. एक, त्याला शब्द कळायच्या आधीच ‘दे, दे, दे’चा धोशा लावणं, त्यानं तो शब्द नुसता आवाज होऊन बसतो. दुसरी, वरून हात घालून चेंडू ओढणं. हात नेहमी हनुवटीखाली, तळवा वर. वरून येणारा हात त्याला हिसकावणाराच वाटतो.

खाऊ न दाखवता दहापैकी आठ वेळा ‘दे’वर चेंडू हातात पडला की पुढे जा. आता चेंडू वीतभर अंतरावर ठेवा, मग हातभर, मग दोन पावलं. त्यानंतर बोळासारखी जागा शोधा. फ्लॅटमधला पॅसेज उत्तम. एका टोकाला तुम्ही, दुसरं टोक बंद. चेंडू उंच न फेकता घरंगळत सोडा. उचलून वळल्यावर जायला तुमच्याशिवाय जागाच नसते. तोंड तुमच्याकडे वळलं की शाबासकी द्या, दोन पावलं मागे सरका आणि थोडं बाजूला वळून खाली बसा. डोळ्यांत रोखून बघू नका.

हातभर अंतरावर पिल्लू थबकतं, तिथे नीट लक्ष द्या. मान किंचित खाली जाते, चेंडू पुढच्या दातांतून दाढांकडे सरकतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. द्यावं की पळावं, हे त्याचं त्या क्षणी ठरत असतं. इथे हात पुढे केला की गेलंच. हात मांडीवरच ठेवा. तो आणखी पुढे आला तर चेंडूला न शिवता त्याची छाती दोन-तीन सेकंद खाजवा आणि मगच ‘दे’ म्हणा. जवळ गेलं की लगेच चेंडू जातो, असं त्याच्या डोक्यात बसता कामा नये.

चेंडू वाटेतच टाकून तो रिकामा धावत आला, तर तुम्ही खाऊ फार लवकर दाखवता आहात किंवा अंतर फार वाढवलं आहे. अंतर निम्मं करा. तुम्ही जाऊन चेंडू उचलू नका, नाहीतर आणायचं काम तुमच्याकडे येतं.

बाहेर गेल्यावर अगदी एकसारखे दोन चेंडू वापरा. एक त्याच्या तोंडात आणि दुसरा तुमच्या हातात, तोही हलता, जिवंत. तो जवळ आला, ‘दे’वर पहिला टाकला, की दुसरा लगेच उलट दिशेला घरंगळत सोडा. काही दिवसांत खाऊची गरज उरत नाही, कारण पुढची फेक हेच बक्षीस होतं. रोज सराव केला तर पाच-सहा महिन्यांच्या पिल्लाला हा सगळा प्रवास साधारण तीन ते सहा आठवडे पुरतो. एखाद्या पायरीवर अडलं तर दोन दिवस एक पायरी मागे या.

रस्त्यावरून आणलेलं चार महिन्यांचं गावठी पिल्लू आहे. चेंडू टाकला की नुसतं बघतं आणि झोपतं. याला शिकवता येईल का?
— एक वाचक, सिडको

येईल. गावठी पिल्लं फार चलाख असतात. फायदा दिसल्याशिवाय धावत नाहीत, एवढंच. गुळगुळीत, वास नसलेल्या गोळ्यात त्याला काही दिसत नाही. एका जुन्या सुती मोज्यात चेंडू घाला, गाठ मारा आणि दोरीनं जमिनीवरून तोडक्या झटक्यांनी ओढा. त्याच्याकडे नको, त्याच्यापासून लांब. पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग प्रत्येक कुत्र्यात असतो. अंगावर येणाऱ्या वस्तूला मात्र बुजरं पिल्लू घाबरतं. दोनदा ओढा, तिसऱ्यांदा पकडू द्या, जिंकू द्या. मिनिटभरातच मोजा उचलून कपाटात ठेवा. सतत समोर पडलेल्या खेळण्याचं कोणाला काय अप्रूप? चार-सहा दिवसांनी मोज्याचा तुकडा लहान करत न्या आणि शेवटी नुसता चेंडू. मोजा चघळायला मात्र देऊ नका. गिळला तर आतड्यात अडकतो.

आणि हो, लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत हे सगळं घरात किंवा गच्चीवरच करा. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने तग धरतो.

चेंडू कोणता घ्यावा? मुलांचे क्रिकेटचे बॉल चालतील का?
— एक वाचक, इंदिरानगर

लेदरचा अजिबात नाही. झेलताना दात तुटतो. रबरी किंवा टेनिसचा चेंडू आकारानं ठीक, पण आधी एक तपासणी करा. चेंडू पूर्ण तोंडात जाऊन सुळ्यांच्या मागे बसत असेल तर तो धोक्याचा. ओला, गुळगुळीत चेंडू घशाशी अडकला की काही मिनिटांत जीव जातो. टेनिसचा चेंडू साधारण साडेसहा सेंटिमीटरचा असतो. मध्यम कुत्र्याला तो पुरतो, पूर्ण वाढलेल्या लॅब्रेडॉरला किंवा जर्मन शेफर्डला मोठा घ्या. वरची लव माती धरते आणि चघळत बसल्यास दात घासले जातात, म्हणून टेनिसचा चेंडू फक्त आणण्यापुरता वापरा आणि खेळ संपला की काढून घ्या. रोजच्यासाठी नखानं दाबलं की थोडा दबणारा भरीव रबरी चेंडू चांगला. चीर गेली की फेकून द्या.

तोंडातून काढायला गेलं की गुरगुरतो. यजमान म्हणतात, जबडा उघडून काढायचा, नाहीतर डोक्यावर बसेल.
— एक वाचक, पंचवटी

जबडा उघडू नका. गुरगुरणं म्हणजे ‘मला भीती वाटते, हे जाईल’ असं सांगणं. ते दाबून टाकलं तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. सध्या चेंडू बाजूलाच ठेवा. त्याला फारशी हाव नसलेली वस्तू घ्या, उदाहरणार्थ कुत्र्यांना उचलायला शिकवण्याचं लाकडी डंबेल किंवा जुनी सुती दोरी. ती त्याच्यापुढे असताना तीन-चार पावलांवरून चिकनचा तुकडा टाका आणि निघून जा. वस्तूला हात लावू नका. तुम्ही येताना त्याची शेपूट सैल हलायला लागली की एक पाऊल जवळून टाका. हे जमल्यावर वर सांगितलेली अदलाबदल सुरू करा. अंग ताठ होत असेल, दात दिसत असतील किंवा घरात लहान मूल असेल, तर पशुवैद्यकांना दाखवून जाणत्या प्रशिक्षकाची मदत घ्या. तोवर मुलांना त्याच्या खाण्याजवळ आणि खेळण्याजवळ जाऊ देऊ नका.

मैदानात मोकळं सोडायची भीती वाटते. गोल्फ क्लबवर सकाळी गर्दी असते, आणि शेतावर नेलं तर तो द्राक्षबागेत घुसतो.
— एक वाचक, नाशिक

मोकळं सोडूच नका, लांब दोरी लावा. खाटेची सुती नवार ८ ते १० मीटर घ्या आणि एका टोकाला मजबूत कडी शिवून घ्या. दुसऱ्या टोकाला फास किंवा गाठ नको, अडकते. कडी गळ्यातल्या पट्ट्याला न लावता हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावा. पूर्ण वेगात दोरी संपली तर सगळा झटका मानेवर बसतो. नायलॉनची दोरी हातातून सरकली की तळवा सोलवटून निघतो, म्हणून नवारच बरी. दोरी मागे फरफटू द्या आणि तो भलतीकडे निघाला तर तिच्यावर पाय ठेवा. मासा ओढल्यासारखं ओढून मात्र आणू नका. गोल्फ क्लब मैदानावर चालणाऱ्यांच्या पायात ही दोरी येते, तेव्हा नव्या पिल्लाला तिथे नेण्याआधी सोसायटीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये किंवा कुंपण असलेल्या प्लॉटवर आठ-पंधरा दिवस सराव करा.

द्राक्षांचं मात्र फार गांभीर्यानं घ्या. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात आणि किती खाल्ली म्हणजे धोका, याचा भरवशाचा हिशेब नाही. एखाद्याला थोडीही बाधतात. नाशकात हंगामात घरोघरी द्राक्षं असतात, बागेत मणी गळून पडलेले असतात, शिवाय फवारणीही असते. चेंडूचा खेळ बागेच्या बांधावर नकोच. खाल्लीच तर उलटीची वाट न बघता त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर डॉक्टर गाठा. बक्षीस म्हणून बेदाणे किंवा चिवडा देणाऱ्या पाहुण्यांनाही आवरा. चिवड्यातलं मीठ आणि कांदा दोन्ही वाईट.

बीगल आहे. चेंडूमागे धावतो, पण अर्ध्या वाटेत जमीन हुंगत बसतो.
— एक वाचिका, कॉलेज रोड

तो नाकाचा कुत्रा आहे, जमीन त्याला चेंडूपेक्षा रंजक वाटणारच. आधी पाच मिनिटं मनसोक्त हुंगू द्या, मग खेळा. फेक दहा-बारा फुटांचीच ठेवा. चेंडू गवतात लपवून ‘शोध’ म्हणा; त्याच्या नाकाला काम मिळालं की आणणंही सुधारतं.

किती वेळ खेळवावं? आमचा थांबायलाच तयार नसतो.
— एक वाचक, नाशिक रोड

थांबवायचं काम तुमचंच. पाच-सहा महिन्यांच्या पिल्लाला एका वेळी आठ-दहा घरंगळत्या फेकी पुरेत, आणि तो अजून मागत असतानाच थांबायचं. हाडांच्या टोकाची वाढीची जागा लहान जातींत वर्षाच्या आत-बाहेर आणि मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत कच्ची असते. उंच चेंडूसाठी उडी मारून अंग पिळत मागच्या पायांवर उतरणं त्या सांध्यांना झेपत नाही. भरपेट जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर खेळ नको.

एप्रिल-मेमध्ये नाशकातही पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा सकाळी सातच्या आतच खेळवा. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टिकत नसेल, तर त्याचे तळवेही टिकणार नाहीत. चेंडूच्या नादात कुत्रा कोसळेपर्यंत धावतो, म्हणून जिभेकडे बघत राहा. जीभ लांब लोंबून टोकाशी पसरट झाली की खेळ बंद, सावली आणि थोडं थोडं पाणी. हिरड्या गडद लाल झाल्या, पाय लटपटले किंवा लाळ चिकट, दाट झाली, तर तो उष्माघात समजा. अंगावर नळाचं गार पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच दवाखान्यात न्या. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात धावायला लावूच नका.

चेंडूवर रक्ताचे डाग दिसले. घाबरायचं का? वय पाच महिने.
— एक वाचक, देवळाली

बहुधा दात बदलताहेत. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येतात. हिरड्या दुखत असल्यानं या दिवसांत तो चेंडू धरायला नाखूश असू शकतो. हट्ट धरू नका. मऊ रबराचा चेंडू द्या आणि ओढाओढीचे खेळ बंद ठेवा. सुती रुमाल ओला करून, पिळून, फ्रीझरमध्ये गार करा आणि तुमच्या देखरेखीखाली पाच मिनिटं चघळू द्या. रक्त रोज येत असेल, तोंडाला घाण वास येत असेल किंवा एकाच बाजूनं खात असेल, तर तोंड तपासून घ्या. सातव्या महिन्यानंतर पक्क्या सुळ्याशेजारी दुधाचा सुळा तसाच उभा दिसला, तर डॉक्टरांना तो काढावा लागतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत हे बऱ्याचदा होतं.