ओटीपी विसरलीस म्हणून

अगं,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. ओटीपीचे सहा आकडे टाइप करेपर्यंत विसरतेस, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते आठवत नाही, आणि आजींचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी प्रश्न: "सर, या टेन्शनने मलाही डिमेन्शिया होणार का?"

आधी ओटीपीचं बघू. विसरायला गोष्ट मुळात डोक्यात शिरावी लागते. तुझे डोळे लॅपटॉपवर, कान आजींच्या खोलीकडे. आकडे आत गेलेच नाहीत. आजींचं वेगळं. जन्मभर पोळ्या लाटलेल्या बाईने लाटणं हातात धरून "याचं काय करायचं गं?" असं विचारलं होतं. तूच सांगितलं होतंस मला.

आता ताणाचं. ताण आला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक (हॉर्मोन) रक्तात सोडतात. तेवढ्यापुरतं ते कामाचंच. मेंदूत नव्या आठवणींची नोंद करणारा हिप्पोकॅम्पस हे कॉर्टिसॉल भरपूर टिपतो. मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅक्इवेन यांनी 1968 साली उंदरांमधल्या अशाच संप्रेरकाबाबत हे दाखवलं. टिपतो आणि "पुरे आता" असा निरोपही पाठवतो, म्हणजे ब्रेक तोच. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरला तर लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही, तसं इथे होतं. लांबलेल्या ताणात प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात. ताण थांबला की बऱ्याचशा पुन्हा फुटतात, हे मी वर्गात मुद्दाम दोनदा सांगायचो.

माणसांचं म्हणशील, तर स्वीडनमधल्या गोथेनबर्गला 1968 पासून 1462 बायकांचा 35 वर्षं मागोवा घेतला. 1968, 1974 आणि 1980, तिन्ही वेळा ताण असल्याचं सांगणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची, म्हणजे डिमेन्शियाची, जोखीम सुमारे अडीचपट निघाली. घाबरू नकोस, पुढचं वाच: ताण सांगणाऱ्यांपैकीही बहुतेकींना तो झाला नाही. आणि संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं, असं नसतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाची जोखीम वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या 14 गोष्टी मांडल्या, त्यात ताण नाहीच. नैराश्य, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, बैठं आयुष्य मात्र आहे. माझ्या मते ताण मागच्या दाराने येतो, तो यांच्याच सोबतीने.

माझंच सांगतो. आईच्या आजारपणाची सहा वर्षं तिची एक गोळी चुकू दिली नाही, स्वतःचं बीपी एकदाही मोजलं नाही. दाढ काढायला गेलो तेव्हा कळलं, 170 वर 104. शरीरक्रियाशास्त्र शिकवणारा मास्तर मी!

म्हणून लगेच मन शांत करणारं अ‍ॅप घेऊ नकोस. तुला ध्यान नको, झोप हवी. ब्रिटनमधल्या जवळपास 8000 सरकारी कर्मचाऱ्यांच्या पाहणीत, पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सहा तास किंवा कमीच झोपणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाची जोखीम 30 टक्के जास्त आढळली. तू अजून तिशीतही नाहीस, पण सवय आत्ताच लागते. तेव्हा दादाशी बोल. "जमेल का रे?" असं विचारू नकोस, त्याला नेहमीच जमत नसतं. मंगळवार आणि शनिवार आजींच्या खोलीत तो झोपेल, असे वारच ठरवून टाक. आजी रात्री उठून दाराची कडी काढतात, हेही त्याला एकदा स्वतः बघू दे. त्या दोन रात्री तू मैत्रिणीकडे गेलीस तरी चालेल. कोणाशी तरी आजींखेरीज दुसरं काही बोल.

बी 12 आणि थायरॉइड तपासून घे, दोन्हींमुळे विसराळूपणा येतो.

रविवारी ये. बीपीचं मशीन काढून ठेवतो. घरून चहा घेऊन येऊ नकोस. आल्यावर पाच मिनिटं गप्प बसायचं, मग मोजायचं. चहा त्यानंतर, मी करतो.

तुझा
सर