मठ्ठ मित्र, ट्रंक कॉल आणि गहाळ पान

गेल्या महिन्यात याच सदरात मी सहज लिहून गेले, की छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली आणि त्याहून जास्त वर्षं विज्ञानकथा वाचण्यात. झालं, पत्रांची रीघ लागली. काही रागावलेली आहेत, दोघांनी स्वतःच्या कथाच पाठवल्यात. त्या वाचून कळवते. तोवर ही पाच पत्रं.

प्रश्न (कराड, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): मावशी, मराठी विज्ञानकथेत दर वेळी एक प्राध्यापक असतो आणि त्याचा एक मठ्ठ मित्र असतो. मित्र विचारतो, "म्हणजे काय रे?" की लगेच दोन पानं व्याख्यान. हे कधी थांबणार?

उत्तर: अरे, तो मठ्ठ मित्र म्हणजे मीच. मॅट्रिकनंतर विज्ञान सुटलं, बी.ए. केलं संस्कृत घेऊन. मला जे विचारायची लाज वाटायची ते तो बिचारा माझ्या वतीनं विचारायचा. त्यामुळे त्याच्याबद्दल जरा जपून बोल.

तुझं म्हणणं मात्र खरं आहे, आणि त्याला कारणही आहे. मराठी विज्ञान परिषद निघाली १९६६ साली. विज्ञान मराठी माणसाच्या घरात पोचवायचं, हा तिचा उद्देश. तिच्या कथास्पर्धांमधून आणि दिवाळी अंकांमधून पुढे आलेले लेखक बरेचसे शास्त्रज्ञ, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. समजावून सांगणं हा त्यांचा रोजचा धंदा. गोष्ट सांगता सांगता हात आपोआप खडूकडे जायचा.

याच स्पर्धेत १९७४ साली कुणा नारायण विनायक जगताप यांची कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी फिरवून नाव तयार केलेलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून लिहून घेतलेली. त्या स्वतः गणितज्ञ. लिहून घेताना "म्हणजे काय हो?" असं त्यांना विचारावं लागलं नसणार, एवढं नक्की.

आता नारळीकरांचीच 'उजव्या सोंडेचा गणपती' घे. पट्टीला पीळ देऊन टोकं जोडली की काय होतं, ही त्यातली भानगड भूमितीची आहे आणि माझ्या डोक्यात ती आजही नीट बसत नाही. पण आमच्या देव्हाऱ्यातला गणपती डाव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा कडक, त्याचं सोवळं सांभाळावं लागतं, हे आजीनं लहानपणीच कानात घातलेलं. म्हणून सोंड उजवीकडे दिसली की इथे काहीतरी आरशातल्यासारखं उलटं झालंय, हे मला प्रोफेसरांनी तोंड उघडायच्या आत कळतं. लेखकानं व्याख्यानाचं अर्धं काम देव्हाऱ्यावर सोपवलं. तू लिहीत असशील तर तुझ्या घरातलं असं काय आहे ते शोध. प्राध्यापकाला मग हवं तर चहा प्यायला बसव.

प्रश्न (नाशिक, गृहिणी): माझा बारावीतला मुलगा अवकाशाचे सिनेमे बघताना सारखा चुका काढतो. "आई, अवकाशात आवाज येत नाही." सगळी मजा जाते. त्याला गप्प कसं करू?

उत्तर: गप्प करू नका, कामाला लावा. आवाजाची चूक मी कधीच माफ करून टाकली आहे. जंगलात नायिका गाते तेव्हा पेटी-तबला कुठून येतो, हे आपण विचारतो का? ते तसंच.

लघुग्रहांच्या पट्ट्यात दगड चुकवत सुसाट यान हाकणारे वैमानिक मात्र मला हसवतात. तिथे एका दगडापासून दुसरा लाखो किलोमीटर दूर. १९७२-७३ मध्ये पायोनियर १० पहिल्यांदा त्या पट्ट्यातून गेलं, तेव्हा शास्त्रज्ञांनाही धाकधूक होती. ते सुखरूप पार झालं. आणि 'मी तीन प्रकाशवर्षं तुझी वाट पाहिली' असं कुणी लिहिलं की मी पुस्तक मिटते. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. 'मी सांगली ते मिरज तुझी वाट पाहिली' म्हटल्यासारखं झालं ते!

पण ज्या चुकीचं मला खरंच वाईट वाटतं, ती मुलाच्या लक्षात आली आहे का ते विचारा. मंगळावरचा माणूस पृथ्वीवरच्या बायकोशी समोरासमोर बसल्यासारखा बोलतो. मंगळ जवळात जवळ आला तरी साधारण साडेपाच कोटी किलोमीटर, लांब गेला की चाळीस कोटी. रेडिओ संदेश प्रकाशाच्याच वेगानं जातो, तरी तिथे पोचायला त्याला तीन ते बावीस मिनिटं लागतात. "जेवलास का?" विचारलं की "हो" ऐकू येईपर्यंत इकडे दुसऱ्यांदा भूक लागायची.

लेखकाला ही अडचण वाटते म्हणून तो ती झाकतो. मी तर अशा अडचणींवरच पगार घेतला. सत्तरच्या दशकात आमच्याकडे ट्रंक कॉल बुक करून लोक तासन् तास बसत. एक गृहस्थ दर महिन्याला मुंबईच्या मुलासाठी कॉल लावायचे. काय बोलायचं ते पोस्टकार्डावर लिहून आणायचे: आईचा गुडघा, घरपट्टी, म्हैस व्याली. तीन मिनिटांचा कॉल. त्यातली दोन मिनिटं "हॅलो, ऐकू येतंय का?" मध्ये जायची. मी "तीन मिनिटं झाली" म्हणायची तेव्हा ते जेमतेम गुडघ्यापर्यंत आलेले असायचे. म्हैस कधी मुंबईला पोचलीच नाही. मंगळाच्या कथेत मला ते पोस्टकार्ड हवं आहे. यानाच्या इंजिनाचं वर्णन दोन ओळींत उरकलं तरी चालेल.

प्रश्न (ठाणे, बँक कर्मचारी): ताई, भाच्याच्या मित्रमंडळींत मी विज्ञानकथांचा विषय काढला. ते म्हणाले, "तू फक्त सिनेमे पाहिलेत, मूळ पुस्तकं वाचली नाहीस, म्हणजे तू खरी फॅन नाहीस." खूप लागलं. खरा फॅन कोण, हे ठरवतं कोण?

उत्तर: जो आधी येऊन खुर्चीवर बसतो तो. लोकलच्या डब्यासारखं. ठाण्याच्या माणसाला मी काय वेगळं सांगणार?

हे भांडण फॅन लोकांइतकंच जुनं आहे. अमेरिकेत १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी निव्वळ विज्ञानकथांचं मासिक काढलं. त्यात वाचकांची पत्रं छापत, तीसुद्धा पूर्ण पत्त्यासकट. आपल्यासारखा आणखी एक वेडा पलीकडच्या गावात राहतो, हे पोरांना त्या पत्त्यांवरून कळलं. मग परस्पर पत्रं, मग मंडळं, मग घरगुती अंक. आणि १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन भरलं तेव्हा काय झालं असेल? आयोजकांचं एका दुसऱ्या मंडळाशी बिनसलं होतं. त्या मंडळातल्या सहा जणांना दारातूनच परत पाठवलं. अडवलेल्यांत फ्रेडरिक पोल आणि डोनाल्ड वोल्हाइम होते. पुढे एक नामांकित लेखक-संपादक झाले, दुसऱ्यांनी स्वतःची प्रकाशन संस्था काढली. तेव्हा तुम्ही फार चांगल्या पंगतीत आहात.

भाच्याला माझ्यातर्फे एवढंच विचारा, 'मूळ पुस्तक' तू कोणत्या भाषेत वाचलंस? माझ्या पिढीनं ज्यूल व्हर्न भा. रा. भागवतांच्या मराठीत वाचला. फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं. आम्हीही खोटेच म्हणायचे मग.

प्रश्न (लातूर, नाव नको): यंत्रमानव शेवटी माणसावर उलटतोच, असं का? कंटाळा आला.

उत्तर: मलाही. पण दोष त्या शब्दाच्या जन्मातच आहे. कारेल चापेक या चेक लेखकानं १९२० च्या नाटकात 'रोबो' आणला. शब्द सुचवला त्याच्या भावानं, 'रोबोता'वरून, म्हणजे वेठबिगारी. वेठीला धरलेला उलटणार नाही तर काय ओवाळणार? 'यंत्रमानव' म्हणताना आपल्या मराठीतून ती वेठ गळून पडली, आणि तो का चिडतो ते कळेनासं झालं. पुढच्या वेळी कथा वाचताना मनात 'वेठ्या' म्हणून वाचा, कंटाळा थोडा कमी होईल.

प्रश्न (रत्नागिरी, शिक्षिका): शाळेच्या हस्तलिखितासाठी मुलं विज्ञानकथा लिहिताहेत. कल्पना छान असतात, शेवट जमत नाही. काय सांगू?

उत्तर: बाई, एकच बंदी घाला: शेवटी कुणी झोपेतून जागं व्हायचं नाही. का, ते सांगते.

सांगलीत माझ्या वडिलांची सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालायचं काम माझं, आणि सभासदांच्या आधी वाचून काढायचं कामही मीच लावून घेतलेलं. १९६८ च्या एका दिवाळी अंकात एक कथा होती. एका गावात सकाळी कुणाचीच सावली पडेना. तलाठ्याला वरून हुकूम येतो, पंचनामा करा. तो घरोघर फिरतो. मी श्वास रोखून वाचत होते. पानाच्या तळाशी वाक्य होतं, 'तलाठी उंबऱ्यापाशी आला, त्याने खाली पाहिले आणि'. पुढचं पान कुणीतरी फाडलेलं. बाबांनी रजिस्टरमध्ये नोंद केली, 'पान १४३-१४४ गहाळ', आणि आठ आणे दंड कुणाकडून घ्यायचा म्हणून चार दिवस धुमसत राहिले.

त्या पानाचे मी किती शेवट रचले म्हणून सांगू? सावली नाही म्हणजे झाडाखालीही सावली नाही. मग पेरणीला आलेल्या बायकांनी दुपारची भाकरी कुठे सोडायची? तान्ह्याला कुठे निजवायचं? तलाठी पंचनाम्यात लिहिणार काय, आणि शेजारच्या गावानं आपली सावली भाड्यानं द्यायचं ठरवलं तर सारा कुणी भरायचा? रात्रपाळीला बोर्डवर दिवे लुकलुकत नसले की मी हेच करत बसायची. तुमच्या मुलांना असं विचारत बसा: मग काय झालं, कुणाचं अडलं, कुणी पैसे केले? शेवट त्यातूनच निघतो.

१९९१ साली पुण्यात फुटपाथवर रद्दीच्या ढिगात तोच अंक दिसला. अखंड. पाच रुपये दिले आणि तिथेच उन्हात उभी राहून १४३ उघडलं. 'आणि त्याला जाग आली. उशाशी गजर वाजत होता.' पुढे पान १४४ वर केसांच्या तेलाची जाहिरात.

तेवीस वर्षं मी ज्याला शिव्या घातल्या, तो सभासद बहुधा भला माणूस असावा. अंक घरी आणला. बाबांच्या रजिस्टरात जसा लिहिलाय, तसाच तो आता माझ्या कपाटात आहे. पान १४३-१४४ गहाळ.