फ्लोरिडात समुद्राजवळच्या वाळूत लॉन टिकत नाही, तिथे डून सनफ्लावर लावावं का?

तुमचं घर फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सारासोटाजवळ, समुद्र दोन गल्ल्या सोडून, अंगणात नुसती वाळू आणि लॉन दोनदा जळालेलं. नर्सरीत डून सनफ्लावर सुचवलं, ते जमीन झाकेल का, असं तुम्ही विचारलंय. झाकेल, जरूर लावा. मी याच किनाऱ्यावर काही वर्षं ते वाढवतेय. फक्त झाडांचे लाड करायची आपली सवय इथे आवरावी लागते.

मराठवाड्याच्या शेतातलं ताठ, एका मोठ्या फुलाचं सूर्यफूल डोळ्यांसमोर आणू नका. हे त्याच कुळातलं, पण जमिनीसरशी पसरणारं. उंची फूट-दीड फूट, एक रोप तीन-चार फूट जागा व्यापतं. फुलं दोन-तीन इंचांची, पिवळी, मध्ये तपकिरी. पानावरून बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. खारा वारा आणि तापलेली वाळू दोन्ही ते सोसतं.

पहिल्या वर्षी मला त्या पांढऱ्या वाळूत काही जगेल असं वाटेना. म्हणून आळी केली, शेणखताच्या पिशव्या ओतल्या, स्प्रिंकलर आठवड्यातून तीनदा लावला. झाडं गुडघ्यापर्यंत माजली, फुलं मात्र मोजकीच. मग जुलैच्या पावसात बुंधे काळे पडले आणि मधली सगळी झाडं कुजून खाली बसली. समुद्राकडच्या टेकाडावर, जिथे कुणी थेंबभर पाणी घालत नाही, तिथे तेच झाड फुलांनी भरलेलं होतं.

तेव्हापासून खत बंद. तसंही सारासोटा आणि पिनेलस या काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, १ जून ते ३० सप्टेंबर लॉनला नायट्रोजनचं खत घालायला बंदी आहे, कारण पावसाबरोबर ते खाडीत वाहून जातं. पाणी पहिले तीन-चार आठवडे द्या, रोपं धरली की पावसावर सोडा. दोन-तीन फुटांवर एकेक रोप पुरे. ऊन दिवसभर हवं. सावलीत ते नुसतं लांबतं आणि मधून उघडं पडतं.

रोप घेताना ते कुठल्या किनाऱ्याचं आहे हे आवर्जून विचारा. नर्सरीत बहुधा अटलांटिक किनाऱ्याचं मिळतं. फ्लोरिडाच्या या पश्चिम किनाऱ्याचा केसाळ देठांचा स्वतःचा उपप्रकार आहे, हेलिअँथस डेबिलिस व्हेस्टिटस, आणि तो इथल्या थोड्याच जिल्ह्यांत सापडतो. दोन्ही जवळ लावले की सहज संकर होतो आणि इथलं मूळ रूप हळूहळू पुसलं जातं. मला हे फार लागतं. चार ठिकाणी हिंडावं लागलं तरी इथलंच रोप शोधा. टेक्सासकडचा उपप्रकार उंच वाढतो, जमीन झाकायला तो नको.

शेजारी कुणी वेडेलियाची फांदी फुकट देऊ केली तर घेऊ नका. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत दिसतं ते हेच चकचकीत पानांचं, छोट्या पिवळ्या फुलांचं, जमिनीवर पसरणारं रोप. दिसायला भाऊबंद वाटतं, पण पेरापेराला मुळं फुटतात आणि फ्लोरिडात ते उपद्रवी म्हणून नोंदलेलं आहे. सोबतीला काही हवंच असेल तर जांभळ्या फुलांची मर्यादवेल लावा. आपल्या कोकणच्या पुळणीवरची तीच वेल इथल्या पुळणीवरही आहे. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी तिथेच वाळूत बसून राहिले होते.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: एकेक झाड वर्ष-दोन वर्षांचंच. मग देठ लाकडासारखे होतात आणि मध्ये टक्कल पडतं. छाटून ते पुन्हा भरत नाही, उपटायलाच लागतं. बी आपोआप पडून नवी रोपं येतात, मात्र त्यांना उघडी वाळू हवी. मी एकदा वाळूवर दोन-तीन इंच मल्च, म्हणजे आच्छादन, पसरला होता, त्या वर्षी एकही रोप वर आलं नाही. पायवाटेवर उगवलेली रोपं लहान असतानाच उचलून रिकाम्या जागी लावा, मोठी झाल्यावर हलवली तर मरतात. आणि जुनं झाड उपटलंत की लगेच टाकू नका. वाळलेली फुलं तळहातावर चोळा आणि बी त्याच खड्ड्यात पडू द्या.