आरव्हीत राहायला जाताना सामान किती न्यावं आणि पत्ता कुठला द्यावा

न्यू जर्सीतलं चार बेडरूमचं घर विकून तुम्ही दोघं कायमचं आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, राहायला निघालात, आणि सामान किती ठेवावं, घर गेल्यावर पत्ता कुठला द्यावा असं विचारलंय. आम्ही नवरा-बायको असेच राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागेची चिंता सोडा. पलंगाखाली, बाकाखाली, गाडीच्या पोटात एवढे कप्पे असतात की सामान मावतं, आणि मावतं म्हणूनच माणूस भरत सुटतो. गाडीला पेलवतं किती, हे आधी बघा. दाराजवळच्या लेबलवर भाराची मर्यादा पौंडात दिलेली असते. चांगल्या लांबरुंद गाडीवरही तो आकडा कधीकधी अगदीच किरकोळ निघतो, विक्रेता तो आपणहून दाखवेलच असं नाही. पाणी त्यातच धरायचं. गॅलनला साधारण 8.3 पौंड, म्हणजे 50 गॅलनची टाकी भरली की 415 पौंड संपले. मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही, असेल तर तुमची दोघांची वजनंही त्यातच. सगळं भरून झालं की ट्रकवाल्यांच्या काट्यावर गाडी तोलून घ्या. टायर फुटण्यामागे बऱ्याचदा जास्तीचा भारच असतो.

त्यामुळे पुस्तकं, पितळेची भांडी, वेट ग्राइंडर ही मंडळी आधी बाहेर. समई न्या, पण एकच आणि छोटी. पैठण्या मुलीकडे द्या. स्टोरेज युनिट मात्र घेऊ नका. भाडं दरमहा जातं आणि तिकडे कोणी फिरकत नाही.

स्वयंपाकाचं गणित विजेवर ठरतं. 30 अँपिअरच्या जोडणीवर फार तर 3600 वॅट मिळतात. एसी चालू ठेवून इंडक्शन आणि मिक्सर एकदम लावलात तर ब्रेकर पडणारच. कुकर गॅसवर लावा. मासे बाहेर, पिकनिक टेबलावर तळा, नाहीतर उशांनासुद्धा बांगड्याचा वास येतो. (आमच्याकडे हा नियम बायकोचा आहे, त्यावर अपील नाही.)

आता पत्ता. बहुतेक आरव्हीवाले साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात. तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. पण नुसता कर बघून ठरवू नका. तुमचे यजमान 65 च्या पुढे आहेत म्हणता. त्यांना मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, असेल तर ते घेणारा डॉक्टर देशात कुठेही चालतो. त्याऐवजी खासगी कंपनीकडून घेतलेलं मेडिकेअर ॲडव्हांटेज बहुधा ठरावीक भागातल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या नेटवर्कला बांधलेलं असतं. तुम्ही अजून 65 च्या आत आहात, तेव्हा राज्य निवडताना तुमचा विमा पहिला बघा: त्या राज्यातली पॉलिसी राज्याबाहेर तातडीच्या उपचारांपलीकडे काय देते, हे लेखी विचारा. दोघांपैकी कोणी ग्रीन कार्डवर असेल तर पत्ता बदलल्यापासून 10 दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं. शिवाय काही बँका टपालसेवेचा पत्ता राहण्याचा पत्ता म्हणून घेत नाहीत, त्यांच्याशी घराच्या क्लोजिंगच्या, म्हणजे विक्रीचा व्यवहार पुरा होण्याच्या, आधीच बोलून घ्या.